कोट पावलांनी मोजणारे सर

शाळेच्या विहिरीच्या कठड्यावर गेरूने ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं : ‘समुद्र इथून खाली आहे.’ शेजारी विहिरीत शिरणारा एक लांबलचक बाण. मी मराठीची शिक्षिका म्हणून रुजू झाले त्या दिवशी ते वाचलं आणि शिपायाला विचारलं, हे कोणी लिहिलं?

“इतिहासवाले सर,” तो म्हणाला. “तुमाले समजन हळूहळू.”

शाळा अकोला जिल्ह्यातली, रेल्वेलाईनवरच्या एका छोट्या गावातली. मी अमरावतीची. रोज बडनेऱ्याहून पॅसेंजर धरून यायची. सरांना तिथे पंचवीस वर्षं होऊन गेली होती. नवीन पाचवीचा वर्ग आला की सर त्याला विहिरीपाशी नेत आणि सांगत, आपलं गाव उंचावर आहे. इथून सरळ खाली उतरत गेलात तर एक वेळ अशी येईल की तुम्ही समुद्राच्या पातळीवर असाल. पोरं वाकून वाकून बघत. एक जण तर दोरीला बादली बांधून पाणी खारट लागतं का ते बघत असे. सर त्याला रागावत नसत. चव घेतल्यावर विचारत, “मंग? पुरावा काय भेटला?”

‘पुरावा काय’ हा त्यांचा परवलीचा शब्द होता. आज पाऊस येणार, असं कोणी म्हटलं तरी “पुरावा?” सर, काल मला ताप होता. “पुरावा?” एकदा मुख्याध्यापकांनी भाषणात ‘आमची शाळा तालुक्यात पहिली’ असं म्हटलं, तर मागच्या रांगेतून सर खणखणीत आवाजात “पुरावा?” म्हणाले आणि मुख्याध्यापकांना पुढचं वाक्य सुचेना.

त्यांचे वडील पिंजारी होते, गावोगाव फिरून कापूस पिंजायचे, गाद्या भरायचे. घरात हिंदी-उर्दू, दारात वऱ्हाडी, आणि शाळेत म्हणाल तर तीही वऱ्हाडीच. रस्त्याने कापसाची गाडी चालली की सर सायकल बाजूला लावत, गाडीतून चिमूटभर कापूस उचलत, दोन्ही हातांच्या बोटांत धरून हळूच ओढत आणि धागा किती लांब आहे ते गाडीवानाला सांगत. गाडीवानाने विचारलेलं नसे. पण सरांनी “चांगला हाये” म्हटलं की त्याची मान ताठ होई, हे मी पाहिलेलं आहे.

आणि ते सगळं पावलांनी मोजत. शाळा ते स्टेशन, स्टेशन ते मशीद, मशीद ते घर. वर्गात किल्ला शिकवायचा झाला तर पोरांना मैदानावर काढत. पावलं टाकत चुन्याने बुरूज आखत, तट आखत. भर उन्हात छत्री काखेत मारून ओरडत, “हा समुद्राचा दरवाजा! इकडून पोर्तुगीजाचं गलबत आलं! कोण अडवते?” समुद्राकाठचे कोट हा त्यांचा जीव की प्राण. त्यांचे नकाशे त्यांना तोंडपाठ होते. खडू एकदा फळ्यावर टेकला की अख्खा किनारा काढूनच उचलायचा.

माझं त्यांच्याशी पहिल्या महिन्यातच बिनसलं. मी मुलांचं ‘मले-तुले’ सुधारत होते. मुलगा ‘मले’ म्हणाला की मी थांबवायची आणि ‘मला’ म्हणवून घ्यायची. एकदा तपासणीसाठी साहेब आले. सरांच्या वर्गात, मी सोबत असताना, त्यांनी एका मुलाला प्रश्न विचारला. मुलाने अचूक उत्तर दिलं, पण वऱ्हाडीतून. साहेब माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, “उत्तर बरोबर आहे, भाषा मात्र अशुद्ध.”

सर उभे राहिले. “साहेब, मंग भाषेचे मार्क माहे कापा. थे मी शिकवली.”

साहेब गेल्यावर मी शिक्षकांच्या खोलीत म्हटलं, “सर, ही मुलं उद्या पुण्या-मुंबईला जातील तेव्हा लोक हसतील त्यांना.”

“हसन ना,” सर शांतपणे म्हणाले. “पण पोट्टं आपलं म्हणणं पुरं करन का तोंड मिटून बसन, थे कोण शिकवते? तुमी त्याले दर शब्दाले थांबवता. त्याले काय सांगायचं होतं थेच तो विसरून जाते.”

मला ते पटलं नाही. मी आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

त्या वर्षांत आमच्या भागाचं नाव रोज पेपरात येत असे. कशासाठी, ते सांगायला नको. बाहेरगावच्या गाड्या यायच्या, एखाद्या घरापुढे थांबायच्या, घरातल्या बाईला रडू फुटेपर्यंत प्रश्न विचारायच्या आणि पुढच्या गावाला निघून जायच्या. अशीच एक मंडळी कॅमेरा घेऊन शाळेत आली आणि सरांना म्हणाली, इथल्या दुःखाबद्दल काही सांगा. सर म्हणाले, “दुःख तुमी पाहूनच आले असान. आता गाव पाहा.” आणि त्यांनी त्या मंडळींना दोन तास उन्हात फिरवलं. जिनिंग, बाजार, वाचनालय, तालीम, पिंजाऱ्याचं दुकान. यातलं काहीही पुढे कुठे दिसलं नाही.

त्या वर्षी नववीच्या परीक्षेत एका मुलाने लिहिलं : ‘समुद्र म्हणजे उन्हाळ्यात न आटणारा तलाव.’ सरांनी तो पेपर सगळ्यांना वाचून दाखवला. आम्ही हसलो. सर हसले नाहीत. पुढच्या सभेत मुख्याध्यापक नेहमीप्रमाणे म्हणाले, सहल चिखलदऱ्याला. सर म्हणाले, “चिखलदरा झाला. या वर्षी कोट.”

कसं केलं कोण जाणे, पण त्यांनी कोकणातल्या एका कोळ्यांच्या गावच्या शाळेला पत्रं लिहिली. राहण्यासाठी तिथले दोन वर्ग मिळवले आणि चोवीस मुलं-मुली तयार केली. मुलींसोबत बाईमाणूस हवं म्हणून मलाही बरोबर घेतलं. गावाचं नाव मी सांगत नाही, कारण पुढे जे झालं ते चांगल्या माणसांच्या हातून झालं. खाडीच्या तोंडाशी वसलेलं गाव, पोर्तुगीजांनी बांधलेला कोट आणि त्या कोटाच्या आत नारळी-पोफळीच्या बागा.

मुलींमध्ये एक वर्षा होती. तिचे वडील आदल्या वर्षी गेले, पेपरात बातमी यायची त्या पद्धतीने. घरी आई आणि धाकटा भाऊ. ती सहलीला येईल असं मला वाटलंच नव्हतं. पण निघायच्या दिवशी आई स्वतः तिला स्टेशनवर घेऊन आली. भाकरी-चटणीचं गाठोडं माझ्या हातात देत म्हणाली, “मॅडम, तिले सगळं पाहू द्या. मागं बसवू नोका.”

रात्रभराची रेल्वे, मग एसटी. दुपारी एका वळणावर एसटी माडांच्या मागून बाहेर आली आणि खिडकीतून समुद्र दिसला. पोरांनी एकच गलका केला. वाळूवर उतरल्यावर तर ती वेडीच झाली. मी सरांकडे पाहिलं. छत्री काखेत धरून ते वाळूवर उभे होते, हलत नव्हते.

“सर, काय झालं?”

“मॅडम, हा आवाज असाच चालू राह्यते का?”

“कसला?”

“पाण्याचा. हा थांबत नाही का मधात?”

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. “सर, तुम्ही याआधी समुद्र...?”

“नाही पाह्यला,” ते म्हणाले. “पंचवीस वर्षं शिकवला. सगळी पुस्तकं वाचली, सगळे नकाशे पाह्यले. पण याले आवाज हाये, असं कोणी लिहिलंच नोतं.”

मग त्यांनी चपला काढल्या, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला आणि पाण्यात गेले. ओंजळीत पाणी घेऊन चाखलं. मुलं ओरडली, “सर, पुरावा?” सर तोंड वेडंवाकडं करून म्हणाले, “भेटला!”

दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटी होती. कोटाची समुद्राकडची भिंत बाहेरून पावलांनी मोजायची, असं सरांनी ठरवलं. चोवीस पोरं वहीत आकडे लिहीत त्यांच्या मागे. सर तोफांच्या खिडक्या दाखवत, बुरुजांची नावं सांगत चालले होते. मी सगळ्यांत मागे. तिसरा बुरूज ओलांडला आणि पुढे लांबून कोणाची तरी हाक आली. एक कोळीण खडकांवर कालवं काढत बसली होती, ती उभी राहून दोन्ही हात हलवत होती.

“ओ मास्तर! पोरांना घ्या वर! पानी चढतंय!”

मी वळून पाहिलं. आम्ही ज्या वाळूवरून आलो होतो ती वाळू नव्हती. मागच्या बुरुजाच्या पायाशी लाटा लागत होत्या. पुढच्या बुरुजालाही पाणी भिडलं होतं. मधल्या पट्टीत आम्ही, पाठीशी कोटाची उंच भिंत. एवढ्यात ती बाई साडीचा काष्टा घट्ट करत गुडघाभर पाण्यातून आमच्यापर्यंत आली. तिने सरांकडे बघितलंही नाही. पहिल्या दोन मुलींचे हात धरले आणि सगळ्यांना भिंतीच्या एका कोसळलेल्या जागेपाशी नेलं. एकेकाला दगडांवरून वर चढवलं. सर सगळ्यांत शेवटी चढले, कमरेपर्यंत भिजून. मी पुन्हा पुन्हा मोजत होते. चोवीस. चोवीस. चोवीस.

“एवढे वयाचे झालात,” बाई सरांना म्हणाली, “आनि भरतीची येल समजत नाय? पोरं गेली असती तर?”

 सरांनी मुलांना अर्धगोल बसवलं आणि त्यांच्यासमोर उभे राहून स्वतःचे दोन्ही कान धरले.

“माही चूक झाली,” ते म्हणाले. “मी तुमाले पुस्तकातली भरती शिकवली. मले वाटलं मले येते. मले येत नोतं. आता वह्या काढा. ह्या बाई सांगतीन थे लिहून घ्या.”

बाई बावरली. “मी काय सांगू? मी शालंत गेलेली नाय.”

“आमी गेलो होतो ना,” सर म्हणाले, “पाह्यलं ना काय झालं थे.”

ती हसली आणि दगडावर बसली. मग तिने तासभर शिकवलं. पुनवेला आणि अवसेला उधाण, पाणी भिंतीला लागतं. अष्टमीला भांग, म्हणजे भरती लहान, तेव्हा समुद्र थकलेला असतो. भरती रोज थोडी उशिरा येते, म्हणून कालची वेळ आजच्या कामाची नाही. मुलं धडाधड विचारत होती. एक जण म्हणाला, “मावशी, पाणी कावून चढते?” माझ्या तोंडून सवयीने निघालं, “का चढतं, म्हण.”

बाई माझ्याकडे वळली. “बोलू द्या की त्याला. मला समजतंय.”

 त्यानंतर त्या सहलीत मी कोणाचीच भाषा सुधारली नाही.

बोलता बोलता बाई म्हणाली की तिच्या आजोबांची जाळी नायलॉनची नसायची, सुताची असायची. सरांनी ताडकन विचारलं, “सुताची म्हणजे कापसाची?” ती हो म्हणाली तेव्हा सर उठून उभेच राहिले. “पाहा पोट्टेहो! कापूस अथी बी येऊन गेला! आपल्या आधी!” एवढा आनंद मी त्यांच्या तोंडावर कधी पाहिला नव्हता.

आता ज्या गोष्टीची मला आजही लाज वाटते ती सांगते.

पोहोचलो त्या संध्याकाळी तिथल्या मुख्याध्यापकांशी बोलताना मी त्यांना आमच्याकडची परिस्थिती सांगितली होती. वर्षाचंही सांगितलं होतं, नावासकट. मला वाटलं, सांगावं; माणूस कनवाळू आहे. तो होताच. निघायच्या दिवशी सकाळी त्यांनी सगळी शाळा मैदानात बसवली, आम्हाला पुढे बसवलं आणि माईकवरून बोलायला लागले. विदर्भातलं दुःख, पेपरातल्या बातम्या, आपल्या शाळेचं कर्तव्य. मग दोन शिपायांनी जुन्या कपड्यांची गाठोडी आणून ठेवली. नीट धुतलेले, घड्या घातलेले कपडे. मुख्याध्यापकांनी वरचा एक फ्रॉक उचलला आणि वर्षाचं नाव पुकारलं.

पाचशे मुलं बघत होती. वर्षा उठली, पण पुढे गेली नाही. तिने आधी माझ्याकडे पाहिलं. तिला समजलं होतं, कोणी सांगितलं ते. मी मान खाली घातली.

सर उठून तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले. हळूच विचारलं, “पाहिजे का तुले?”

“नाही, सर.”

“मंग थे त्याहिले सांग. तूच सांग. मी अथीच हाये.”

ती माईकपाशी गेली. माईक उंच होता, मुख्याध्यापकांनी खाली केला. वर्षा वर्गातसुद्धा फारशी बोलत नसे. ती म्हणाली, “सर, माह्याजवळ कपडे हायेत. आमच्या घरी शेती हाये. बाबा होते तवा बाबा करत. आता माय करते. यंदा कापूस कमी झाला. पण झाला.” मग जरा थांबून म्हणाली, “तुमी आमाले समुद्र दाखवला. गंज चांगला वाटला.”

 मैदानात कोणी हसलं नाही, ‘हायेत’ला नाही आणि ‘खूप’ऐवजीच्या ‘गंज’लाही नाही. मुख्याध्यापकांचा फ्रॉक धरलेला हात खाली आला.

सरांनी माईक घेतला. “साहेब, तुमचं मन मोठं हाये, यात काही शंका नाही. पण आमी पाव्हणे म्हून आलो, पाव्हणे म्हून जातो. हे कपडे ठेवा. आणि आता आमी काय आणलं थे तुमच्या लेकराईले पाहू द्या.”

त्यांच्या जुन्या ट्रंकेत काय आहे याचा मला प्रवासभर पत्ता नव्हता. त्यांनी ती मैदानाच्या मधोमध उघडली. बोंडांसकट पराटीची, म्हणजे कापसाची, झाडं, तुरीच्या शेंगा, ज्वारीची कणसं, काळ्या मातीची ढेकळं, वडिलांची जुनी पिंजण. कोकणातली मुलं पुढे सरकली. कापसाच्या आत बी असते हे त्यांच्यातल्या कितीतरी जणांना ठाऊक नव्हतं. आमची मुलं त्यांना सरकी काढून दाखवायला लागली. सरांनी पिंजणीची तात छेडली, तुंय-तुंय आवाज निघाला, आणि कापसाचा एवढासा गोळा बघता बघता ढगासारखा फुलला. सगळ्यांत पुढे उकिडवे बसून तिथले मुख्याध्यापक बघत होते.

परतीच्या एसटीत मी सरांच्या शेजारी जाऊन बसले. “मी सांगितलं होतं त्यांना, वर्षाचं.”

“मले माहीत हाये.”

“मी खोटं नव्हते सांगत, सर.”

“खोटं नाही,” ते म्हणाले. “अर्धं. तिच्या बापाचं सांगतलं, तिच्या मायचं नाही सांगतलं.”

 मग खिडकीबाहेर बघत स्वतःशीच म्हणाले, “अर्धं मी बी शिकवलं. पंचवीस वर्षं.”

निघताना त्यांनी तिथल्या मुख्याध्यापकांना आमंत्रण दिलं होतं, पुढच्या दिवाळीनंतर या, वेचणीला. अशी आमंत्रणं माणसं देतात आणि विसरतात. पण पत्र आलं. पुढच्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपता संपता मुख्याध्यापक कोळ्यांची, आगऱ्यांची तीस मुलं घेऊन आमच्या स्टेशनवर उतरले. सरांचं ते नोकरीचं शेवटचं वर्ष. ते पहाटेपासून प्लॅटफॉर्मवर, इस्त्रीचा सदरा घालून. येणाऱ्या गाडीचा पुरावा त्यांनी स्टेशनमास्तरांना तीनदा मागितला होता.

पाहुण्यांना कोणाच्या शेतावर न्यायचं यावर शाळेत चर्चा झाली होती. आमच्या मुख्याध्यापकांच्या मते एखाद्या मोठ्या बागायतदाराचं शेत दाखवावं, विहीर, मोटार, सगळं नीट. सरांनी ऐकून घेतलं आणि वेगळाच रस्ता धरला. गावाबाहेर दीड हजार पावलांवर, नाल्याच्या पलीकडे, वर्षाच्या आईचं शेत होतं. पाऊस त्याही वर्षी मधेच तुटला होता, पीक बेताचं. तरी फुटलेल्या बोंडांनी शेत दूरवर पांढरं दिसत होतं. कोकणची मुलं बांधावर येऊन थांबली, आणि त्यांच्यातली एक मुलगी “आई शप्पत!” म्हणाली.

वर्षाची आई पोटाशी वेचणीची झोळी बांधून ओळीत वाकलेली होती. माणसं पाहून ती सरळ झाली. कोकणातल्या मुख्याध्यापकांनी दोन्ही हात जोडले.  मी पुढे होणार होते. ओठांवर शब्द आले होते, ‘या वर्षाच्या आई, यांचे मिस्टर...’

सरांनी मला हाताने थांबवलं.

“साहेब,” ते म्हणाले, “ह्या इथल्या शेतकरी. आज शिकवणार त्या हायेत. आपण सारे विद्यार्थी.”

बाई क्षणभर लाजली. मग तिने हात पदराला पुसले, तीस मुलांकडे एक नजर टाकली, आणि तिचा आवाज एकदम मोठा झाला.

“या, आत या. पाय ओळीमधून टाका, झाड मोडू नोका. बोंड खालून असं धरायचं. पाहून राहिले ना? हां. आता करा.”

आणि समुद्राकाठची मुलं एकामागून एक तिच्या मागे ओळींत शिरली.